खोटा तळ

वहीत आधी लिहिलं होतं : डोक्यावर दिवा.
मग खोडलं.
खोल पाण्यातलं कुठलंही जनावर काढा,
लोक त्याच्या डोक्यावर दिवा लावतातच,
जणू अंधाराला आपली वाट बघायची हौस आहे.

माझ्या जनावराला दिवा नाही.
दात आहेत, पण त्यांचं काम अगदी शेवटी.
लांबी : माहीत नाही. कवच : सतरा.
प्राण : एकशे नव्वद. भूक वेगळी मोजायची.
ते गाळ पांघरून, पाठ वर करून पडून राहतं
आणि तळ असल्याचं सोंग घेतं.

तुम्ही दोर सोडता. शिसं टेकतं.
म्हणता, लागला ठाव.
तेव्हा ते वीतभर खाली सरकतं.
ओढत नाही, हिसका देत नाही,
तुम्हीच आपल्या हाताने आणखी वीतभर देता,
आणि वीतभर,
आणि हातभर,
आणि दोर संपतो तेव्हा तुम्ही
बर्फातल्या भोकाशी ओणवे,
कोपरापर्यंत पाण्यात.

इथे सूर्य नोव्हेंबरात जातो, तो फेब्रुवारीत येतो.
शनिवारी आम्ही पारनुनाच्या स्वयंपाकघरात जमतो.
टेबलावर नकाशा, नकाशावर कॉफीचे डाग,
त्यांना आता आम्ही बेटं म्हणतो, दोघांना तर नावंही आहेत.
आक्कालुक हालिबटच्या कारखान्यातून थेट येतो,
त्याचा चेटक्या फाशावर फुंकर मारतो
आणि टेबलभर माशांचा वास पसरतो.
उजाराक नेहमी भालेकरी.
दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचा भाऊ
फियॉर्डवर गळ टाकायला गेला.
कुत्री परत आली.
दोराचं रहाट बर्फावर सापडलं, रिकामं,
शेवटच्या वेढ्यापर्यंत रिकामं.

हे मला माहीत होतं.
जनावर लिहिताना आठवलं नव्हतं
असं मी म्हणू शकते. म्हणते.

सातशे मीटर, मी म्हणाले, शिसं टेकलं.
मग जरा सरकलं.
आक्कालुकने दोर दिला.
पारनुनाने दोर दिला, वर हसली,
म्हणाली, एवढा खोल नाहीये हा समुद्र.
उजाराक हसला नाही.
त्याने विचारलं, त्याच्या पोटात काय काय आहे?

माझ्याकडे यादी होती. मी वाचली :
तीन नांगर, व्हेलच्या कवटीचा तुकडा,
घसरगाडीची एक धाव, पितळी घंटा,
एका राजाचे चाळीस शिपाई, चिलखतासकट.
पुढची ओळ मी वाचली नाही.
पुढच्या ओळीत सीलच्या कातड्याचा हातमोजा होता,
डाव्या हाताचा.

बाहेर कुणाच्या तरी कुत्र्याने सूर लावला,
मग सगळ्या वस्तीच्या कुत्र्यांनी.

तुझी पाळी, मी म्हणाले. भाला की जाळं?
वीस बाजूंचा फासा त्याच्या मुठीत होता.
चांगलं दान पडलं तर
एकशे नव्वदातले बारा कमी झाले असते.
त्याने फासा टेबलावर ठेवला,
टाकला नाही, ठेवला,
म्हणाला, मी दोर सोडतो.

म्हणजे आणखी देतोस?
नाही. हातातून सोडतो. पूर्ण.

आणि मग, मी नियमांची वही उघडलेली बघून :
सोडायला फासा लागतो का?

मी पानं चाळली. पोहण्याचा नियम होता,
बुडण्याचा होता, श्वास रोखण्याचे तर तीन होते.
हा नव्हता.
नाही लागत, मी म्हणाले.
दोर भोकातून सळसळत गेला.
खाली काहीतरी वाट बघत राहिलं
आणि वर चौघं कॉफी पीत राहिलो.
आक्कालुकने विचारलं, मग मेलं का ते?
नाही, उजाराक म्हणाला, त्याला आमच्यातलं काही मिळालं नाही, एवढंच.
आणि सुक्या माशाची ताटली स्वतःकडे ओढली.

सोमवारी मी गळ टाकायला गेले.
सकाळ होती, म्हणजे घड्याळात होती.
भोकावरची साय फोडली, दोर सोडला.
सहाशे चाळीसला शिसं टेकलं.
दरवर्षी इथे तेवढंच असतं.

तरी थोडी थांबले.
आणखी वीतभर दोर दिला.

तो पाण्यावर सैल पडून राहिला.